त्रेचाळीस ओळींचा रकाना : पेरूमधील कुल्ये भाषेचे प्रकरण

माद्रिदच्या राजवाड्यातील ग्रंथालयात जलरंगचित्रांचे नऊ खंड आहेत आणि त्यांत चौदाशेहून अधिक चित्रे आहेत. उत्तर पेरूतील त्रुहिल्यो धर्मप्रांताचे बिशप बाल्तासार हाइमे मार्तिनेस कोम्पान्योन यांनी अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात ती करून घेतली. माणसांचे पोशाख, नाच, झाडे, पक्षी, मासे, गावांचे नकाशे, जुन्या थडग्यांतील वस्तू असा त्यांचा पसारा आहे. दुसऱ्या खंडात या चित्रांबरोबर वीस गाण्यांची स्वरलिपी आहे आणि एक तक्ताही आहे. तक्त्यात डावीकडे 43 स्पॅनिश शब्द आहेत आणि पुढे आठ रकान्यांत धर्मप्रांतातील आठ भाषांमधले त्यांचे पर्याय आहेत : केचुआ, किनारपट्टीवरची युंगा, पिउरा भागातील सेचुरा, कोलान आणि काताकाओस, वामाचूको प्रांतातील कुल्यी, आणि पूर्वेकडील अरण्यातल्या मिशनांमधील इबितो व चोलोन. यांपैकी केचुआ सोडली तर आज एकही भाषा कोणाच्या घरात बोलली जात नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय वामाचूकोचा रकाना आहे. त्या भाषेला आज अभ्यासक साधारणपणे कुल्ये म्हणतात.

कुल्ये निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. युंगा, म्हणजे मोचिका, या भाषेचे फेर्नांदो दे ला कार्रेरा यांनी लिहिलेले व्याकरण 1644 मध्ये छापले गेले, आणि चोलोनचेही 1748 चे हस्तलिखित व्याकरण उपलब्ध आहे. कुल्येच्या वाट्याला यांतले काही आलेले नाही. तिच्यातील एकही सलग वाक्य, प्रार्थना किंवा गाण्याची ओळ अभ्यासकांच्या हाती नाही. असे असूनही ही भाषा कोठपर्यंत पसरली होती, तिच्यात शब्द कसे जोडले जात आणि तिचे कोणते उच्चार स्पॅनिश कानाला जड जात, याविषयी बऱ्याच खात्रीने बोलता येते. एवढ्याशा पुराव्यावरून तेथपर्यंत कसे पोहोचता आले, आणि कोठे थांबावे लागते, हे पाहण्यास हे प्रकरण चांगले आहे.

आधी प्रदेश. पेरूच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, पूर्वेला मारान्योन नदीचे खोल खोरे ठेवून, काहाबांबा, वामाचूको, सांतियागो दे चूको आणि दक्षिणेला पाल्यास्का असा हा सलग पट्टा आहे. वामाचूको हे त्याचे जुने केंद्र होय. ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री सोळाव्या शतकाच्या सहाव्या दशकात येथे आले आणि 1560 च्या सुमारास त्यांनी स्थानिक धर्माचा एक अहवाल लिहिला. आतागुहू हा सृष्टिकर्ता आणि कातेकिल हा विजेचा देव यांची माहिती मुख्यतः त्या अहवालातून मिळते. कातेकिलचे प्रश्नस्थान दूरवर प्रसिद्ध होते. तेथून प्रतिकूल उत्तर आले म्हणून इंका सम्राट आताहुआल्पाने ते उद्ध्वस्त केल्याची हकीकत अहवालात आहे. उत्खनन करणाऱ्यांनी हे स्थान इच्चाल डोंगराच्या पायथ्याशी नामानचूगो येथे दाखवले आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी देवांची नावे टिपली, विधी टिपले, किती मूर्ती फोडल्या हेही टिपले. पण ज्या भाषेत हे सारे त्यांच्या कानावर पडले त्या भाषेचे वर्णन त्यात नाही. एका दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, कारण धर्मप्रसारासाठी केचुआ ही मोठ्या पल्ल्याची भाषा हाताशी होती आणि प्रत्येक खोऱ्याची बोली शिकत बसण्यापेक्षा ती शिकणे सोयीचे होते.

मार्तिनेस कोम्पान्योन यांनी 1782 ते 1785 या काळात धर्मप्रांताचा दौरा केला. दौऱ्याआधी गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवण्याची त्यांची पद्धत होती. शब्दांचा तक्ता हा याच वृत्तीचा भाग मानला पाहिजे. हा माणूस भाषाभ्यासक नव्हता. त्याला आपला प्रांत राजापुढे मांडायचा होता, आणि चित्रातल्या पक्ष्यांप्रमाणे भाषाही तेथे नमुन्यादाखल आल्या.

या नमुन्यातले शब्द पाहिले की निवड करणाऱ्याचे डोके कळते. सुरुवात देवापासून होते. मग पुरुष, स्त्री, आत्मा, शरीर, हृदय, मांस, हाड. मग आईबाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. मग खाणे, पिणे, हसणे, रडणे, मरणे. आनंद, वेदना, मृत्यू. मग आकाश, सूर्य, चंद्र, तारे, अग्नी, वारा, पक्षी, पृथ्वी, प्राणी. झाड, खोड, फांदी, फूल, फळ, गवत. आणि शेवटी पाणी, समुद्र, नदी, लाटा, पाऊस, मासा. ही जवळजवळ उत्पत्तीच्या कथेची मांडणी आहे, आणि पाद्र्याकडून दुसरी कोणती अपेक्षा करावी? मात्र अँडीजच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला या यादीत बटाटा सापडत नाही, मका सापडत नाही, लामा सापडत नाही, घर सापडत नाही आणि डोंगरही सापडत नाही. एकही अंक नाही. ‘मी’ आणि ‘तू’ नाहीत. डोके, हात, पाय नाहीत. समुद्र मात्र आहे, आणि लाटाही आहेत.

यादीवर विश्वास कितपत ठेवावा, हा पुढचा प्रश्न. येथे तक्त्याची मांडणीच मदतीला येते. एकच प्रश्नपत्रिका आठ भाषांना लावलेली असल्यामुळे ज्या रकान्यांची इतर साधनांवरून तपासणी करता येते, त्यांवरून बाकीच्यांचा अदमास घेता येतो. केचुआचा रकाना जिवंत भाषेशी ताडता येतो, युंगाचा कार्रेरांच्या व्याकरणाशी. कोलान आणि काताकाओस हे शेजारचे दोन रकाने एकमेकांशी इतके मिळतात की ते टिपणाऱ्यांनी मनचे काही लिहिले असेल असे वाटत नाही. मूळ नोंद आणि खंडातली सुबक प्रत यांच्यामध्ये नकलनवीस होता, तेव्हा एखादे अक्षर चुकले असणार हे गृहीत धरायला हवे. पण तक्ता एकंदर प्रामाणिक आहे.

आता प्रत्यक्ष रकाना. पाणी ‘कोन्य’, नदी ‘उराम’, समुद्र ‘किदा’, पाऊस ‘काऊ’. सूर्य ‘सू’, चंद्र ‘मुंग’, तारे ‘चुइप’, अग्नी ‘मू’. पृथ्वी ‘पुस’, झाड ‘उरू’, फूल ‘चुचू’, पक्षी ‘पिचून्य’. पुरुष ‘उसू’, स्त्री ‘आही’, बाप ‘किनू’. हे शब्द केचुआशी जुळत नाहीत, शेजारच्या रकान्यांशीही जुळत नाहीत, आणि म्हणून कुल्येला आज एकाकी भाषा मानले जाते. दूरच्या एखाद्या कुळातला एखादा शब्द कुल्ये शब्दासारखा दिसतो म्हणून नाते जोडण्याचे प्रयत्न होऊ शकतात, पण इतक्या आखूड शब्दांच्या इतक्या लहान यादीत दोन-तीन योगायोग निघणारच. त्यावर वंशवृक्ष उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही शब्द मात्र उघडपणे बाहेरचे आहेत. मासा ‘चाल्युआ’ आणि मांस ‘आइचा’ हे सरळ केचुआ आहेत. मांसासारखा रोजचा शब्द उसना असावा याचे दोन अर्थ संभवतात. एक, केचुआशी संपर्क फार जुना आणि घरापर्यंत शिरलेला होता. दुसरा अर्थ अधिक साधा आहे : पाद्र्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने, साहेबाला कळेल असा शब्द द्यावा म्हणून, बाजारातला शब्द दिला. कोणत्याही क्षेत्रीय अभ्यासकाला हा दुसरा प्रकार ओळखीचा वाटेल.

यादीत व्याकरणाचा प्रश्न कोणी विचारला नव्हता, तरी थोडे व्याकरण तिच्यात राहून गेले आहे. मुलगा ‘उसू ओगोल्य’ आणि मुलगी ‘आही ओगोल्य’. पुरुष ‘उसू’ आणि स्त्री ‘आही’ हे आपल्याला आधीच ठाऊक आहेत, तेव्हा ‘ओगोल्य’ म्हणजे अपत्य. लेखनिकाने या शब्दातल्या दुसऱ्या ओकारावर एक जादा खूण काढली आहे. तो स्वर स्पॅनिश ओकारासारखा नाही, हे त्याच्या कानाला जाणवले असावे. फांदी ‘उरू सागार्स’ म्हणजे आधी झाड, मग फांदी. दोन्ही ठिकाणी विशेषण किंवा षष्ठीचा अर्थ देणारा घटक आधी आणि मुख्य शब्द नंतर येतो. मराठी वाचकाला या क्रमात काही नवल वाटणार नाही. स्पॅनिशमध्ये तो उलटा असतो, म्हणून ही रचना प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेची नक्कल नव्हे, हे महत्त्वाचे.

क्रियापदे आणखी बोलकी आहेत. खाणे ‘मिऊ’, पिणे ‘कुमू’, हसणे ‘कांकिऊ’, रडणे ‘आकासू’. चारही शब्द ऊकारान्त आहेत. स्पॅनिश रकान्यात क्रियापदाचे मूळ रूप होते म्हणून हा ऊकारही मूळ रूपाचाच प्रत्यय, असे मानण्याचा मोह होतो. पण ‘खाणे’ला तुमच्यात काय म्हणतात असे विचारल्यावर बोलणारा ‘खा’ असेही सांगेल, ‘खातो’ असेही सांगेल. तेव्हा प्रत्यय आहे इतके म्हणावे आणि त्याला नाव देऊ नये. याच संदर्भात लाटांसाठी दिलेला शब्द पाहण्यासारखा आहे : ‘कोन्यपुलकासू’. सुरुवातीला ‘कोन्य’ म्हणजे पाणी आहे, आणि शेवट ‘आकासू’सारखाच, क्रियापदाचा, दिसतो. माझी अटकळ अशी की हे नाम नसावेच. लाट कशाला म्हणतात हे डोंगरातल्या माणसाला हातवारे करून सांगितले गेले असेल आणि त्याने ‘पाणी उसळते’ अशा धर्तीचे काही उत्तर दिले असेल. तसे असेल, तर कुल्येतले वाक्याच्या सर्वांत जवळ जाणारे काही असेल तर ते हेच, आणि तेही नामाच्या ओळीत बसवलेले.

या रकान्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उल्लेख करण्याजोगी दुसरी यादी नाही. 1915 मध्ये पाल्यास्का भागातील काबाना येथील पाद्री तेओदोरो गोन्सालेस मेलेंद्रेस यांनी 19 शब्द टिपले. ते फ्रेंच अभ्यासक पॉल रिव्हे यांच्याकडे पोहोचले आणि त्यांनी 1949 मध्ये त्रुहिल्योच्या जुन्या धर्मप्रांतातील भाषांवरच्या आपल्या लेखातून ते प्रसिद्ध केले. या दुसऱ्या पाद्र्याचे शब्द वेगळ्या जातीचे आहेत. डोके ‘चू’, हात ‘पुई’, कुत्रा ‘कोरेप’. बिशपच्या यादीत ज्याला जागा नव्हती ते अंगण आणि डोके-हात येथे आले. वाचकाला आनंद होतो, पण तपासणीच्या दृष्टीने ही अडचण आहे. दोन साक्षीदार वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतील तर एकाची साक्ष दुसऱ्याने पडताळता येत नाही. त्यातून वामाचूको उत्तरेला आणि काबाना दक्षिणेला. दोहोंच्या बोलीत फरक असल्यास तोही हिशेबात धरावा लागतो.

येथपर्यंतचे साहित्य एवढेच असते तर प्रकरण येथेच मिटले असते. ते पुढे सरकले ते नकाशामुळे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस विलेम आडेलार आणि आल्फ्रेदो तोरेरो या भाषाभ्यासकांनी, स्वतंत्रपणे, या प्रदेशातील स्थळनामांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. गावे, वाड्या, ओढे, डोंगर आणि शेतजमिनी यांची नावे गोळा केली की त्यांचे शेवट पुन्हा पुन्हा तेच दिसू लागतात : -गोन किंवा -कोन, -चूको किंवा -चूगो, -दाय, -बाल, -माका, -पुस, -गिदा किंवा -किदा. जळगाव, नागपूर, सावंतवाडी यांच्यातले शेवटचे तुकडे जसे मराठी न येणाऱ्यालाही शंभर नावे पाहिल्यावर वेगळे काढता येतील, तसाच हा प्रकार आहे. यातील काही शेवटांचा अर्थ बिशपच्या रकान्यात लिहिलेलाच होता. -पुस म्हणजे माती. -गोन म्हणजे ‘कोन्य’, पाणी, आणि ही नावे ओढ्या-नद्यांची असतात. -किदा हा शेवट तळ्यांच्या नावांत येतो, आणि येथे बिशपच्या समुद्राचे कोडे सुटते. डोंगरातल्या माणसाला समुद्र विचारला, त्याने मोठ्या साचलेल्या पाण्याचा आपल्याकडचा शब्द सांगितला. यादीत ‘समुद्र’ म्हणून लिहिलेला शब्द तळ्याचा असला पाहिजे. 43 शब्दांतला एक अशा रीतीने दुरुस्त झाला, आणि दुरुस्त करणारा पुरावा इतकी वर्षे साध्या जमिनीवर पडून होता.

बाकीच्या शेवटांचा अर्थ उलट्या बाजूने काढावा लागला. नाव डोंगराचे आहे, शेवट -दाय किंवा -माका आहे, आणि असे अनेकदा घडते आहे, यावरून ते डोंगर-टेकडीचे वाचक शब्द ठरतात. यादीत डोंगर नव्हताच. तो नकाशाने दिला. -चूको किंवा -चूगो यांचा अर्थ भूमी, प्रदेश असा घेतला जातो. वामाचूको, सांतियागो दे चूको आणि कातेकिलचे नामानचूगो ही त्याची ठळक उदाहरणे. केचुआत ‘चुकु’ म्हणजे डोक्यावर घालायची टोपी, म्हणून वामाचूकोचा अर्थ लोक हौसेने ‘ससाण्याची टोपी’ असा सांगतात. एका गावाच्या नावापुरता तो चालून जाईल. पण एकाच पट्ट्यात इतक्या टोप्या का पडल्या आहेत, याचे उत्तर त्या व्युत्पत्तीपाशी नाही.

नावे उच्चाराविषयीही सांगतात. केचुआच्या स्वतःच्या शब्दसंपत्तीत ग, द, ब हे घोष वर्ण सहसा नसतात. वामाचूको ज्याचे मुख्य ठिकाण आहे त्या सांचेस कार्रिओन प्रांतात चुगाय, कुर्गोस, सानागोरान, मार्काबाल अशी नावे एकामागून एक भेटतात. ‘मार्का’ हा केचुआतला गाव किंवा वस्तीचा शब्द आहे, ‘बाल’ तेथला नाही, आणि मार्काबाल हे नाव दोघांच्या शेजाराचा चांगला नमुना आहे. ‘कोन्य’च्या शेवटी जो तालव्य अनुनासिक आहे, तो स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटी येत नाही. म्हणून कारकुनाच्या लेखणीतून त्याचा साधा न झाला. आणि समासात मागल्या स्वराच्या किंवा अनुनासिकाच्या संगतीने क चा ग झाला. ‘कोन्य’पासून ‘-गोन’पर्यंतचा रस्ता असा आहे. त्यामुळे यादीतली लेखनपद्धती आणि नकाशातली लेखनपद्धती एकमेकींच्या चुका दाखवतात.

स्थळनामांच्या या पद्धतीचा एक धोका येथेच नोंदवतो. शेवट हाती आले की ते सगळीकडे दिसू लागतात. दूरच्या एखाद्या प्रांतात -कोनने संपणारे एखादे नाव सापडले म्हणून तेथपर्यंत कुल्ये बोलली जात होती असे म्हणता येत नाही. अनेक वेगवेगळे शेवट एकत्र, दाटीने आणि योग्य प्रकारच्या जागेला लागलेले आढळतील तेथेच सीमा आखावी. तोरेरो यांनी काहामार्काच्या आसपास एका वेगळ्या, -देन या शेवटाने ओळखू येणाऱ्या भाषेचा पट्टा वेगळा काढला, तो याच शिस्तीने.

तिसरा पुरावा माणसांच्या तोंडात आहे. या डोंगराळ भागात आज स्पॅनिश बोलली जाते, आणि ती शेजारच्या केचुआ भागांतल्या स्पॅनिशहून वेगळी आहे. लुइस आंद्रादे सिउदाद यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. तिच्यात लाडाने किंवा लहानपणा दाखवण्यासाठी ‘अश’ असा तुकडा शब्दात घालतात : ‘चोलो’ (गडी) याचे ‘चोलाशो’, ‘चिना’ (मुलगी) हिचे ‘चिनाशा’. स्पॅनिशचा नेहमीचा ‘-इतो, -इता’ असताना हा दुसरा तुकडा आला कोठून? केचुआत त्याचे सोयीचे मूळ दिसत नाही, तेव्हा कुल्येकडे बोट जाते. जी भाषा गेली तिचा लडिवाळ प्रत्यय मागे राहावा, यात मला काही अस्वाभाविक वाटत नाही. मुलांशी बोलताना माणूस शाळेतली भाषा सहसा वापरत नाही.

ही भाषा गेली कशी, याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, पण दोन गोष्टी ठळक आहेत. येथे कुल्येची जागा मुख्यतः स्पॅनिशनेच घेतली. धर्मप्रसारात केचुआला मान होता आणि इंकांच्या काळापासून तिचा वावर होता, तरी शेवटी हा पट्टा उत्तरेकडच्या काहामार्काच्या आणि दक्षिणेकडच्या कोंचूकोसच्या केचुआभाषी वस्त्यांमध्ये स्पॅनिशभाषी म्हणूनच उरला. दुसरे म्हणजे, वसाहतकाळात वामाचूको भागात लोकरीचे कापड विणणारे मोठे कारखाने आणि जमीनदारी मळे होते. वेगवेगळ्या गावांची माणसे दिवसभर एका मुकादमाखाली काम करत असली की त्याची भाषा घरी येतेच. बिशपने शब्द टिपले तेव्हा कुल्ये जिवंत होती, 1915 मध्ये काबानात तिचे एकोणीस शब्द मिळू शकले, आणि त्या दोन पाद्र्यांच्या मधल्या काळात तिची जी पीछेहाट झाली तिचा हिशेब कोणी ठेवला नाही. 1892 मध्ये सांतियागो दे चूकोत जन्मलेला कवी सेसार वाल्येहो वाढला तो स्पॅनिशमध्ये.

दोन्ही याद्या, नकाशा आणि आजची बोली एकत्र ठेवून कुल्येचे जे चित्र तयार होते त्यात क्रियापद कसे चालते, नकार कसा देतात, एकाचे अनेक कसे करतात यांपैकी काहीही नाही. नामांची जोडणी मात्र पक्की कळते, आणि ती रोजच्या वापरातही आहे. वामाचूकोच्या मुलखातून एक नदी मारान्योनकडे वाहते. तिच्या नावापुढे स्पॅनिश नकाशे ‘रिओ’, म्हणजे नदी, असे लिहितात आणि मग ‘चुसगोन’. त्या नावाच्या शेवटी पाणी आधीच होते.